ग्रीक मंदिर कसं पाहावं? सुरुवात पार्थेनॉनपासून

अथेन्सला गेलेले बरेच पर्यटक अ‍ॅक्रोपोलिसची टेकडी चढतात, पार्थेनॉनसमोर फोटो काढतात आणि लगेच उतरायला लागतात. इतक्या घाईत या मंदिराची खरी करामत नजरेतून निसटते. ती पाहायची तर थोडा क्रम पाळावा लागतो.

आधी वळसा घालून पूर्वेला जा. टेकडीवर शिरताच दिसते ती मंदिराची पाठ. मुख्य दार पूर्वेला आहे. आत गाभाऱ्यात फिडियसने घडवलेली अथेनादेवीची सोन्या-हस्तिदंताची भव्य मूर्ती होती, ती कधीच नाहीशी झाली. बळी मात्र बाहेर उघड्यावरच्या वेदीवर दिले जात. लोक बाहेर जमत, त्यामुळे मंदिराचं बाह्यांगच जास्त नटवलेलं.

आता नजर वर न नेता जोत्यावर आणा. कोपऱ्याच्या शक्य तितकं जवळ उभं राहा, थोडं वाका आणि पायरीच्या कडेवरून दूरच्या टोकाकडे पाहा. सरळ वाटणारी ती कड मध्यभागी उचललेली आहे! सुमारे ६९.५ मीटर लांबीत हा उठाव जेमतेम ११ सेंटिमीटर. आखूड बाजू ३१ मीटरच्या आसपास, तिथे तो ६ सेंटिमीटर. खांबही किंचित आत कललेले, मधे हलकेच फुगीर, आणि कोपऱ्यातले इतरांहून जाड. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून हे केलं, की लांबून जोतं खचल्यासारखं दिसू नये म्हणून, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. मला थक्क करते ती मेहनत: रेषाच वाकडी असल्यामुळे दगड एका मापाने कापून चालणार नव्हतं. तरीही इक्टिनोस आणि कॅलिक्रेटिस या वास्तुकारांनी इ. स. पू. ४४७ मध्ये सुरू झालेलं हे मंदिर नऊ वर्षांत उभं केलं. शिल्पकाम ४३२ पर्यंत चाललं.

मग खांब. समोर ८, बाजूला १७, कोपऱ्यातला खांब दोन्हीकडे धरून. बैठक नसलेला, थेट जोत्यावर टेकलेला, वर साधी उशी आणि चौकोनी फळी असलेला खांब डोरिक. शेजारच्या एरेक्थिऑन मंदिराचे सडपातळ खांब पाहा: खाली बैठक, माथ्यावर दोन्हीकडे गुंडाळ्या, ते आयोनिक. पानांच्या नक्षीचा कोरिंथियन खांब पाहायला टेकडी उतरून ऑलिंपियन झ्यूसच्या मंदिराकडे जावं लागतं. जाण्याआधी डोळ्यांना सवय हवी असेल, तर मुंबईत १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिकच्या, पायऱ्यांसमोर उभे राहा. दर्शनी आठही खांब डोरिक धाटणीचे आहेत.

शिल्पांसाठी मात्र टेकडीखालच्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयातच जा. १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने पार्थेनॉनमध्ये साठवलेला तुर्कांचा दारूगोळा पेटला आणि मधला भाग उडाला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी बरीच शिल्पं काढून नेली.

संग्रहालयात एरेक्थिऑनच्या स्त्रीस्तंभांना पाठीमागून पाहा. टेकडीवरच्या मूर्ती नकला आहेत. मूळच्या सहांपैकी पाच इथे, एक लंडनला. पाठीवर रुळणाऱ्या जाडजूड वेण्या नुसत्या शोभेच्या नाहीत: छताचा भार पेलणारी मान त्यांच्यामुळे भक्कम झाली आहे.

सर्वात वरच्या मजल्यावर पार्थेनॉनची, मिरवणूक कोरलेली १६० मीटरची शिल्पपट्टी मूळ क्रमाने लावली आहे. घोडेस्वारांपाशी थांबा. दगडात बारीक छिद्रं दिसतील. तिथे धातूचे लगाम बसवलेले होते. कोरीवकाम वरच्या कडेला जास्त खोल आहे, कारण पट्टी खूप उंचावर होती आणि लोक ती खालून पाहणार होते. मधेच पांढरेफटक तुकडे येतात, ते प्लास्टरचे. त्यांतल्या बहुतेकांचे मूळ दगड लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तिकडे गेलात तर मिरवणुकीचा उरलेला भाग याच क्रमाने पाहा.