यकृताच्या कर्करोगासाठी लायपोसोम : या चुका टाळा

मेदाच्या दुहेरी थराच्या सूक्ष्म कुपीत, म्हणजे लायपोसोममध्ये, औषध भरून ते शिरेतून दिले की त्याचा बराच भाग यकृतात जमा होतो. यावरून औषध गाठीतही पोहोचले असे गृहीत धरणे, ही या क्षेत्रातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. हे कण मुख्यतः कुप्फर पेशी, म्हणजे यकृतातील भक्षक पेशी, गिळतात आणि कर्करोगाच्या गाठीत त्या सहसा कमी असतात. त्यामुळे प्रयोगात संपूर्ण यकृत गाठीसकट कुटून औषध मोजल्यास आकडा भरघोस येतो, गाठ मात्र कोरडीच राहिलेली असू शकते. म्हणून गाठ आणि उरलेले यकृत वेगळे मोजावेत. पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पाण्यात विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या आवरणाने हे भक्षण मंदावते, थांबत नाही. शिवाय उंदराच्या त्वचेखाली वाढवलेली गाठ पाहून सिरोसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून कठीण बनलेल्या, मानवी यकृताबद्दल निष्कर्ष काढू नये, कारण सिरोसिसमध्ये तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांची छिद्रे बुजत जातात.

दुसरी चूक आकडेवारीची आहे. उष्णता लागताच औषध सोडणारे ‘थर्मोडॉक्स’ हे डॉक्सोरुबिसिन या कर्करोगविरोधी औषधाचे लायपोसोम, रेडिओलहरींनी गाठ जाळण्याच्या उपचाराला जोडून, ‘हीट’ चाचणीत 701 रुग्णांवर तपासले गेले. 2013 मध्ये ती अपयशी ठरली. नंतर आकडे चाळताना, ज्यांची गाठ 45 मिनिटे किंवा अधिक वेळ तापवली गेली त्यांना लाभ झाल्याचे दिसले. तोच कालावधी बंधनकारक करून ‘ऑप्टिमा’ चाचणीत 556 रुग्ण घेतले गेले, पण 2020 मध्ये तिच्यातूनही लाभ सिद्ध होण्याची आशा मावळली. मागाहून निवडलेला गट नवा प्रश्न सुचवतो. त्याला उत्तर समजणे किती महाग पडते, हे येथे दिसले. त्यापेक्षा ऑक्सफर्डमधील 10 रुग्णांची छोटी चाचणी मला अधिक बोलकी वाटते : यकृतातील गाठी केंद्रित ध्वनिलहरींनी तापवून, त्यांच्या नमुन्यांत औषध थेट मोजले असता ते सरासरी 3.7 पट वाढलेले आढळले. अर्थात, त्यावरून आयुष्य वाढते असे सिद्ध होत नाही.

लायपोसोमयुक्त आणि साधे डॉक्सोरुबिसिन एकमेकांच्या जागी, तेवढ्याच मिलिग्रॅममध्ये, कधीही देऊ नये. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे आवरण असलेले डॉक्सोरुबिसिन 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळावे, सलाईनमध्ये, म्हणजे मिठाच्या द्रावणात, नाही. ते गोठवू नये आणि नळीत गाळणी लावू नये. रक्तातील बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य, दर डेसिलिटरला 1.2 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असल्यास मात्रा कमी करावी लागते, आणि यकृताच्या रुग्णांत ते अनेकदा तसेच असते.