टॉक न बघता सुचवू नका: न्यूजलेटरवाल्यांनो, या चुका टाळा

सांगलीतून आम्ही दर पंधरवड्याला एक न्यूजलेटर काढतो. सॉफ्टवेअर कॉन्फरन्समधले चांगले टॉक, म्हणजे भाषणांचे व्हिडिओ, निवडायचे आणि प्रत्येकाखाली चार ओळी मराठीत लिहायच्या, एवढंच काम. वाचणारी बहुतेक विश्रामबागेत वालचंदला शिकणारी, नाहीतर नुकती पुण्यात नोकरीला लागलेली मुलं. निवडायला दरवेळी नवी पोरं येतात आणि चुका मात्र जुन्याच करतात.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे टॉक न बघता सुचवणं. पूर्वी निदान नुसत्या शीर्षकावर भुलायचे. आता ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे बोललेल्याची लेखी प्रत, एआयला द्यायचं, आलेले पाच मुद्दे मराठीत उतरवायचे आणि ‘दादा, झालं’ म्हणून मोकळं व्हायचं. मिरजेच्या एका हुशार पोरानं मायक्रोसर्व्हिसेसवरचा टॉक असाच अंकात घातला. टीप काय, तर ‘मोठं ॲप्लिकेशन लहान सर्व्हिसेसमध्ये कसं तोडावं’. टॉक ५० मिनिटांचा. त्यातली पहिली ३५ मिनिटं वक्ता तुकडे कसे पाडले तेच रंगवून सांगतो. मग त्यापायी वाढलेल्या त्रासाचा हिशोब मांडतो: नेटवर्क, डिप्लॉयमेंट (नवा कोड सर्व्हरवर चढवणं), रात्री उठून दहा ठिकाणचे लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, चाळणं. शेवटी कुणीतरी विचारतं, आज किती सर्व्हिसेस आहेत? तो हसून म्हणतो, एक. सगळं परत जोडून टाकलेलं! तोवर आमच्या एका वाचक मुलीनं ती टीप ऑफिसच्या मीटिंगमध्ये ‘तुकडे करायलाच हवेत’ याचा पुरावा म्हणून दाखवली होती. तिच्या टीम लीडनं टॉक शेवटपर्यंत बघितलेला होता.

सारांशात खोटं काही नव्हतं. जे जास्त वेळ बोललं गेलं त्याला एआयनं जास्त जागा दिली. शिवाय प्रेक्षकांतून प्रश्न विचारणाऱ्यापुढे बऱ्याचदा माइक नसतो, त्यामुळे प्रश्न ट्रान्सक्रिप्टमध्ये उतरतच नाही. उरतं ते नुसतं ‘एक’. मी टॉक साध्या स्पीडनं, वही घेऊन बघतो आणि प्रश्नोत्तरं आधी बघतो. टीप लिहिताना व्हिडिओ बंद. तेव्हा जे आठवत नाही, ते टिपेत येत नाही. याला पद्धत वगैरे म्हणू नका, खोड आहे माझी.

दुसरी चूक, साल न लिहिणं. काही टॉक भडंगासारखे सादळतात, काही वर्षानुवर्षं कुरकुरीत राहतात. क्लोजर ही प्रोग्रामिंग भाषा बनवणाऱ्या रिच हिकी यांचा स्ट्रेंज लूप कॉन्फरन्समधला ‘सिंपल मेड इझी’ २०११ चा आहे, तो आजही बिनधास्त द्या. त्यात एखाद्या टूलची आवृत्ती शिकवलेली नाही. पण रायन डाल यांनी नोड जेएस (जावास्क्रिप्ट भाषा ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर चालवणारं त्यांचं सॉफ्टवेअर) जगापुढे मांडलं तो जेएसकॉन्फ ईयूमधला २००९ चा टॉक एकटा देऊ नका. त्याच कॉन्फरन्समध्ये २०१८ साली त्यांनीच उभं राहून नोडमधल्या कुठल्या गोष्टींचा पस्तावा होतो ते सांगितलं. प्रॉमिसेस (उशिरा येणारं उत्तर हाताळायची सोय) काढून टाकले, सुरक्षेकडे दुर्लक्ष झालं, उसना कोड साठवणारं नोड मॉड्यूल्सचं फोल्डर तर विचारूच नका. आणि तिथेच डेनो, म्हणजे नोडला त्यांचाच नवा पर्याय, दाखवलं. दोन्ही शेजारी ठेवले की ज्युनियरला नऊ वर्षांचा इतिहास फुकटात मिळतो. घाईत एकच दिलात, तर तो अर्धाच शिकतो आणि वाद मात्र पूर्ण घालतो.

बाकीच्या चुका किरकोळ, पण करू नका. कालावधी लिहा. लांब म्हणजे भारी असंही समजू नका: गॅरी बर्नहार्ट यांचा ‘वॉट’ जेमतेम चार मिनिटांचा आहे, आणि जावास्क्रिप्टच्या विचित्र बेरजा त्यानंतर कुणी विसरत नाही. लिंक कॉन्फरन्सच्या स्वतःच्या चॅनेलची द्या, कुणी तरी उचलून टाकलेल्या व्हिडिओची नको. वक्ते एकच टॉक तीन गावांत देतात. त्यातला एकच निवडा, शक्यतो नंतरचा. शेवटची स्लाइड ‘आमच्या स्टॉलवर या’ असली की ती जाहिरात समजा.

आणि एका अंकात पंधरा लिंका कोंबू नका. तीन बास. चौथा फार आवडला असेल तर पुढच्या पंधरवड्यापर्यंत थांबा आणि तेव्हा परत बघा. बऱ्याचदा तो निघतोच यादीतून.