पावसाळ्यात कॉइल सांभाळताना आणि कापताना

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून तळोज्याला निघालेल्या ट्रकवर जून लागला की ताडपत्री असतेच. तरी जीपी कॉइलवर, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या गुंडाळीवर, पांढरा गंज येतो (जस्त खराब होऊन धरणारी पांढरी पूड), कारण पाणी फक्त पावसातून येत नाही. हवा ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर २६ अंशांहून थंड पत्र्यावर दव धरतं. रात्री घाट उतरून आलेली कॉइल तेवढी थंड असू शकते. अशा कॉइलचं वेष्टन लगेच फाडू नका. शटर बंद ठेवून तिला गोदामाच्या तापमानाला येऊ द्या. मोठ्या कॉइलला यात एक दिवसही जातो. वेष्टनाच्या आतच पाणी शिरलं असेल तर मात्र नेमकं उलटं करायचं: ती कॉइल आधी उघडून, सुकवून मशीनवर घ्यायची. वेढ्यांमध्ये अडकलेल्या पाण्याला हवा मिळत नाही आणि जस्त तिथेच खराब होत जातं.

कॉइल थेट फरशीवर ठेवू नये. खाली लाकडी किंवा रबरी सॅडल (कॉइल बसवायचा आधार) हवं, आणि दोन्ही बाजूंना पाचर. गोल वस्तू उतारावर आपोआप सुटते, आणि गोदामाची फरशी क्वचितच सपाट असते.

क्रेन लावण्याआधी वजन काढा. बाहेरचा व्यास १२०० मिमी, आतला ५०८, रुंदी १२५० असेल तर स्टीलची कॉइल सुमारे ९.१ टन भरते. क्रेन आणि सी-हुक (कॉइलच्या भोकात घालून उचलायचा C आकाराचा हुक) दोन्हींची क्षमता त्याहून जास्त हवी. उचललेल्या कॉइलखाली कोणीही नको.

सगळ्यात जास्त जीव जपायचा तो कॉइलला बांधलेली पट्टी कापताना. गुंडाळलेला पत्रा ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. शेवटचं टोक तळाशी, सॅडलवर कॉइलच्याच वजनाखाली दाबलेलं राहील अशी ती फिरवून घ्या. मशीनवर चढवली असेल तर दाबरोलर खाली आणल्याशिवाय पट्टी तोडू नका. पट्टी कटरनेच तोडावी, छिन्नी किंवा पहारीने नाही. हातमोजे आणि चष्मा घालून, टोक ज्या बाजूला उसळेल ती बाजू सोडून, कडेला उभं राहून कापावं.

आता स्लिटिंग, म्हणजे रुंद पत्रा गोल चाकांनी अरुंद पट्ट्यांत कापणं. १२५० मिमी रुंदीतून दोन्ही कडांना ५-५ मिमी ट्रिम (कापून टाकायची कड) सोडली तर १२४ मिमीच्या १० पट्ट्या निघतात, त्यासाठी ११ काप लागतात. साध्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याला दोन चाकांतली फट जाडीच्या साधारण ८ ते १० टक्के ठेवून सुरुवात करा. १ मिमीला ०.०८ ते ०.१० मिमी. मग कापलेली कड भिंगाखाली बघा. चकचकीत भाग जाडीच्या सुमारे एक तृतीयांश आणि बाकीचा खरबरीत असेल तर फट बरोबर आहे. फट जास्त झाली की कड वळते आणि बर (कडेला उभी राहणारी धारदार कोर) वाढतो. कमी झाली की चकचकीत भाग वाढतो, चाकं लवकर झिजतात. फट बरोबर असूनही बर येत असेल तर चाकाची धार गेली आहे, तेव्हा फट कमी करत बसू नका; चाक ग्राइंडिंगला पाठवा.

पत्रा मधे किंचित जाड असतो, त्यामुळे मधल्या पट्ट्यांची गुंडाळी पटकन मोठी होते आणि कडेच्या पट्ट्या सैल पडतात. त्यांचा झोळ लूपिंग खड्ड्यात (सैल पट्ट्या लोंबायला ठेवलेल्या खड्ड्यात) सोडा आणि गुंडाळण्याआधी फेल्ट पॅडने (नमद्याच्या गादीने) दाबून सगळ्यांना सारखा ताण द्या. पॅडला चिकटलेले जस्ताचे कण वेळोवेळी झटका, नाहीतर प्रत्येक पट्टीवर लांब ओरखडे उमटतात.