ऋतू समजावून सांगताना होणाऱ्या या चुका टाळा

ऋतू का बदलतात, असे कोणालाही अचानक विचारले तर बहुतेक वेळा उत्तर येते की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते आणि हिवाळ्यात दूर जाते. शाळा सोडून कितीतरी वर्षे झालेल्या, एरवी चांगल्या वाचणाऱ्या माणसांकडूनही मी हे उत्तर अनेकदा ऐकले आहे. त्यामागचा अनुभव खरा आहे: शेकोटीजवळ सरकले की ऊब वाढते, मागे सरकले की कमी होते. पण हा अनुभव पृथ्वीला जसाच्या तसा लागू केला की सगळे उलटे होऊन बसते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे उत्तर गोलार्धात हिवाळा असताना. तेव्हा हे अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे उत्तरेकडे उन्हाळा असताना, ते सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरपर्यंत वाढलेले असते.

अंतराची कल्पना मोडून काढायला याहूनही साधा मुद्दा पुरतो. डिसेंबरमध्ये उत्तर गोलार्धात हिवाळा असतो आणि त्याच वेळी दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो. दोन्ही गोलार्ध एकाच पृथ्वीचे असून त्या दिवशी दोघांचे सूर्यापासूनचे अंतर जवळपास एकच असते, मग अंतरामुळे एकीकडे गारठा आणि दुसरीकडे उकाडा कसा होईल?

मात्र ही चूक सुधारताना दुसऱ्या टोकाला जाऊन अंतराचा काहीच परिणाम होत नाही, असेही सांगू नये. ५० लाख किलोमीटरचा हा फरक एकूण अंतराच्या तीन टक्क्यांहून थोडाच अधिक असला, तरी त्यामुळे जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त सूर्यप्रकाश मिळतो. असे असूनही संपूर्ण पृथ्वीचे सरासरी तापमान जानेवारीपेक्षा जुलैमध्येच काही अंश सेल्सिअसने अधिक असते, कारण जमिनीचा मोठा भाग उत्तर गोलार्धात आहे आणि जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. अंतराचा परिणाम आहे, पण ऋतू घडवणारे मुख्य कारण ते नव्हे. ते आहे पृथ्वीच्या आसाचा, म्हणजे ती ज्या काल्पनिक रेषेभोवती स्वतः फिरते तिचा, कल.

आकृतीतच शिरलेली चूक

ही समजूत इतकी चिवट का आहे, याचा विचार करताना माझे लक्ष नेहमी आकृतीकडे जाते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे हे वाक्य बरोबर आहे, पण त्याच्या शेजारी जी अंड्यासारखी ताणलेली आकृती काढली जाते ती दिशाभूल करते. ती बहुधा कक्षा तिरप्या कोनातून पाहिल्यासारखी काढलेली असते, पाहणारा मात्र तोच कक्षेचा खरा आकार समजतो. कंपासने १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून तीच पृथ्वीची कक्षा माना. खऱ्या प्रमाणात कक्षेची लहान त्रिज्या मोठ्या त्रिज्येपेक्षा फक्त ०.०१४ मिलिमीटरने आखूड भरेल, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, आणि पेन्सिलीच्या रेघेत हा फरक दिसणारच नाही. सूर्य मात्र केंद्रापासून सुमारे १.७ मिलिमीटर बाजूला येईल, आणि तेवढे नक्की दाखवता येते. म्हणून वहीत सरळ वर्तुळ काढावे आणि सूर्य किंचित बाजूला ठेवावा.

आकृतीत आणखी दोन गोष्टी तपासून पाहाव्यात. पृथ्वीचा आस सुमारे २३.५ अंशांनी कललेला आहे, हा कोन कक्षेच्या पातळीवर काढलेल्या लंबापासून मोजायचा असतो. तो पातळीपासूनच मोजला तर पृथ्वी जवळजवळ आडवी पडलेली दिसते. तसेच दिवस आणि रात्र वेगळी करणारी रेषा सूर्याच्या दिशेला काटकोनात हवी. कित्येक जण ती आसावरूनच ओढतात, आणि मग त्या आकृतीत सगळीकडे बारा तासांचा दिवस होऊन ऋतूंना जागाच उरत नाही.

‘झुकते’ आणि ‘झुकलेली असते’

आता ज्या चुकीबद्दल मला सर्वांत जास्त सांगावेसे वाटते तिच्याकडे येतो, कारण ती आपल्या बोलण्यातूनच तयार होते. जूनमध्ये पृथ्वी सूर्याकडे झुकते आणि डिसेंबरमध्ये सूर्यापासून दूर झुकते, असे आपण सहज म्हणतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मान डोलावणारी पृथ्वी उभी राहते. प्रत्यक्षात वर्षभरात आस डोलत नाही. त्याचा कल तेवढाच राहतो आणि त्याचे उत्तरेकडचे टोक बाराही महिने ध्रुवताऱ्याच्या दिशेलाच असते. आसाची दिशा बदलते, पण ती इतक्या संथपणे की एक फेरी पुरी व्हायला सुमारे २६,००० वर्षे लागतात. वर्षभरात बदलते ते पृथ्वीचे सूर्याभोवतीचे स्थान, आणि त्यामुळे तोच स्थिर आस जूनमध्ये सूर्याच्या बाजूला, तर डिसेंबरमध्ये विरुद्ध बाजूला कललेला ठरतो. ‘झुकते’ऐवजी ‘झुकलेली असते’ असे म्हटले तरी निम्मे काम होते.

पृथ्वीगोल आणि दिवा घेऊन प्रयोग करतानाही नेमकी हीच चूक हातून घडते. अंधाऱ्या खोलीत मधोमध बिनशेडचा दिवा ठेवून आपण गोल घेऊन त्याभोवती फिरू लागतो, आणि फिरताना आपले अंग दिव्याकडे वळत असल्यामुळे हातातला गोलही नकळत वळत जातो. अर्धी फेरी पूर्ण होते तेव्हा उत्तर ध्रुव अजूनही दिव्याकडेच कललेला असतो आणि उत्तर गोलार्धात वर्षभर उन्हाळाच राहतो. तुमच्या प्रयोगात ऋतू बदलत नसतील तर पहिला संशय यावरच घ्यावा. उपाय सोपा आहे: खोलीच्या एका भिंतीवर उंचावर ठळक खूण करावी, तिला ध्रुवतारा मानावे आणि गोल कुठेही नेला तरी आसाचे वरचे टोक त्या भिंतीकडेच कललेले ठेवावे. मग गोल मार्च आणि सप्टेंबरच्या जागी धरून पाहावा. तिथे उजेड आणि सावलीची सीमा दोन्ही ध्रुवांवरून गेली पाहिजे. ती तशी जात नसेल तर आस फिरला आहे किंवा दिवा गोलाच्या मध्याच्या उंचीवर नाही, असे समजावे.

या प्रयोगातून एक नवी चुकीची समजूतही शिरते. दिवा हातभर अंतरावर असल्यामुळे कललेला गोलार्ध खरोखरच दिव्याच्या जवळ दिसतो, आणि पाहणारा म्हणतो की म्हणूनच तिथे ऊन जास्त. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलासाठी खऱ्या प्रमाणातला सूर्य सुमारे साडेतीन किलोमीटर दूर ठेवावा लागेल आणि त्याचा व्यास ३० मीटरहून जास्त असेल. पृथ्वीचा संपूर्ण व्यासच १२,७४२ किलोमीटर आहे, म्हणजे सूर्यापर्यंतच्या अंतराचा दहा हजारावा भागसुद्धा नाही. तेवढ्या जवळिकीने हवामानात फरक पडत नाही. हे प्रयोगाच्या आधीच सांगून टाकावे.

मग कल करतो तरी काय?

कलामुळे दोन गोष्टी घडतात आणि त्या दोन्ही सांगायला हव्यात. फक्त ‘किरणे तिरपी पडतात’ एवढे सांगून थांबणे ही सुद्धा एक चूक आहे. पहिली गोष्ट पाहण्यासाठी टॉर्च आणि आलेखाचा कागद घ्यावा. टॉर्च सरळ वरून धरल्यास जेवढे चौकोन उजळतात, तेवढ्याच अंतरावरून कागदाशी ३० अंशांचा कोन करून धरल्यास साधारण त्याच्या दुप्पट चौकोन उजळतात. प्रकाश तेवढाच असतो, पण तो दुप्पट जागेत पसरल्यामुळे प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला निम्मा येतो. चौकोन स्वतः मोजायला लावले की हे पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवसाची लांबी. ४५ अंश उत्तर अक्षवृत्तावर २१ जूनच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ६८.५ अंशांवर असतो आणि दिवस साधारण साडेपंधरा तासांचा असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास तोच सूर्य जेमतेम २१.५ अंशांपर्यंत चढतो आणि दिवस पावणेनऊ तासांत आटोपतो. दोन्ही परिणाम एकत्र धरले तर वातावरणाच्या माथ्यावर जूनमधल्या एका दिवसात पोचणारी सौर ऊर्जा डिसेंबरमधल्या दिवसाच्या सुमारे चौपट भरते. यापुढे अंतरामुळे पडणारा सात टक्क्यांचा फरक किती लहान आहे ते आपोआप दिसते. तिरप्या किरणांना वातावरणातून अधिक लांबचा प्रवास करावा लागतो हेही खरे आहे, पण ते दुय्यम कारण आहे.

दिवस मोठा म्हणजे उष्णता हमखास, असेही मानू नये. जूनमध्ये उत्तर ध्रुवावर चोवीस तास सूर्य असतो, पण तो २३.५ अंशांच्या वर कधी जात नाही आणि बर्फ बराचसा प्रकाश परतवून लावते.

काही लहान चुका थोडक्यात सांगतो. सर्वांत मोठा दिवस हा सर्वांत उष्ण दिवस नसतो. जमीन आणि विशेषतः समुद्र तापायला वेळ लागतो, म्हणून समशीतोष्ण प्रदेशांत उष्णतेचा कळस बहुधा काही आठवड्यांनी येतो. दुपारी बारा वाजता सूर्य रोज डोक्यावर येतो हे पृथ्वीवर कुठेही खरे नाही. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यान तो वर्षातून दोनदा माथ्यावर येतो, त्यापलीकडे कधीच येत नाही. विषुवदिनी, म्हणजे २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास, दिवस आणि रात्र तंतोतंत सारखी नसतात, कारण वातावरण प्रकाशाला वाकवते आणि सूर्याची वरची कड दिसताच आपण सूर्योदय मानतो, त्यामुळे दिवस काही मिनिटांनी मोठा भरतो. आणि पावसाळा केवळ आसाच्या कलाने पूर्णपणे समजत नाही. त्यासाठी जमीन, समुद्र आणि वारे यांचाही विचार करावा लागतो.

शेवटची चूक पृथ्वीबाहेरची आहे. अंतर ऋतूंसाठी गौण आहे हा पृथ्वीचा नियम सगळ्या ग्रहांना लावला जातो. मंगळाचा आस सुमारे २५ अंशांनी कललेला आहे, जवळजवळ आपल्याइतकाच, पण त्याची कक्षा बरीच अधिक लंबवर्तुळाकार आहे. सूर्यापासून सर्वांत दूर असताना मिळणाऱ्या प्रकाशापेक्षा सर्वांत जवळ असताना त्याला सुमारे ४५ टक्के अधिक प्रकाश मिळतो. ही जवळिकीची वेळ दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्याच्या आसपास येते, त्यामुळे मंगळावर दक्षिणेचा उन्हाळा उत्तरेच्या उन्हाळ्यापेक्षा आखूड, पण अधिक उष्ण असतो.