मेम्ब्रेन स्वतःला धूत नसेल तर: या चुका टाळा

टायटॅनियम डायऑक्साइड या उत्प्रेरकाचा थर दिलेले मेम्ब्रेन, म्हणजे बारीक छिद्रांचा गाळणपडदा, पाणी गाळता गाळता त्यातील सेंद्रिय द्रव्यांचे विघटन करते आणि स्वतःवर साचलेला बुळबुळीत थरही उजेडाच्या साहाय्याने नाहीसा करते. मात्र हे काम उजेड पोहोचतो तेवढ्याच पृष्ठभागावर होते. पाणी कमी येऊ लागले की बहुतेक जण उत्प्रेरकाला नावे ठेवतात आणि नवे मेम्ब्रेन मागवतात. माझ्या अनुभवात दोष बहुधा उजेडात किंवा पाण्यात सापडतो.

पहिली चूक मी स्वतः केलेली आहे. नाशिकमधील आमच्या गच्चीवर चाचणीचा ट्रे मांडला, तेव्हा धूळ पडू नये म्हणून त्यावर पॉलिहाऊसच्या कागदाचा उरलेला तुकडा ताणून बसवला, आणि एप्रिलच्या रखरखीत उन्हातही मेम्ब्रेनवरचा तपकिरी थर आठवडाभर जागचा हलला नाही. ॲनाटेज प्रकारच्या टायटॅनियम डायऑक्साइडला सुमारे 388 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील प्रकाश लागतो. सूर्यप्रकाशात त्याचा वाटा जेमतेम 5 टक्के असतो, आणि उन्हात टिकावा म्हणून अतिनील शोषणारी द्रव्ये मिसळलेला कागद नेमका तेवढाच भाग अडवतो. पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याचेही तेच. डोळ्यांना लख्ख दिसणारा उजेड येथे कामाचा नाही, म्हणून अतिनील मीटर झाकणाच्या वर न धरता झाकणाखाली, मेम्ब्रेनच्या जागी धरून पाहावा.

काही मेम्ब्रेन सपाट नसून पोकळ धाग्यांच्या जुडग्याच्या रूपात असतात; अशा जुडग्यात बाहेरचे धागे स्वच्छ आणि आतले काळपट निघाले, तर त्याचे कारण आतल्या धाग्यांवर पडणारी सावली हेच असते. छिद्रांच्या आत खोलवर अडकलेला मळही उजेडाअभावी तसाच राहतो. पावसाळ्यात गोदावरीचे गढूळ पाणी थेट सोडल्यास गाळच उजेड अडवतो, त्यामुळे आधी निवळणे आणि वाळूतून गाळणे टाळता येत नाही.

सर्वांत फसवी चूक रंगाची आहे. चाचणीसाठी पाण्यात मिसळलेल्या मिथिलीन ब्लूचा निळा रंग उडाला म्हणजे प्रदूषक नष्ट झाले, असे मानले जाते. वस्तुतः हा रंग मेम्ब्रेनला नुसता चिकटूनही पाण्यातून जातो आणि उत्प्रेरक नसतानाही उन्हाने काहीसा फिकट होतो. याखेरीज एक तिसरी वाटही आहे. वायनरीच्या धुण्याच्या पाण्यात हा रंग मिसळून आम्ही झाकणबंद बाटली उन्हात ठेवली होती. दुपारपर्यंत पाणी रंगहीन झाले, पण झाकण उघडून बाटली खळखळून हलवताच निळा रंग परत आला. रंगाचा रेणू तुटला नव्हता, प्राणवायू संपल्यामुळे तो केवळ रंगहीन रूपात गेला होता. दुधाच्या तपासणीत हाच रंग वापरणाऱ्या डेअरीवाल्यांना हा खेळ चांगला ठाऊक असतो. म्हणून आधी निदान अर्धा तास, रंगाचे प्रमाण स्थिर होईपर्यंत, रंगीत पाण्यातले मेम्ब्रेन अंधारात ठेवावे, उत्प्रेरकाविना दुसरा ट्रे शेजारी मांडावा, पाण्यात हवा सोडत राहावे आणि शेवटी सीओडी (पाण्यातील द्रव्यांच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणारा प्राणवायू) किंवा एकूण सेंद्रिय कार्बन मोजावा. प्राणवायू नसला तर उजेडामुळे उत्प्रेरकात मोकळे झालेले इलेक्ट्रॉन घेणारे कोणी उरत नाही आणि विघटन मंदावते.

ऊर्ध्वपातित पाण्यात उत्तम चाललेले मेम्ब्रेन बोअरच्या पाण्यात ढेपाळते, याचे नवल वाटू नये. आपल्याकडील काळ्या बेसाल्ट खडकातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असतात. त्यांतील बायकार्बोनेट हे विघटन घडवणारे हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील, अल्पायुषी कण) मध्येच गिळते, तर कॅल्शियमचा पांढरा थर पृष्ठभागच झाकून टाकतो. असा क्षार कितीही ऊन दिले तरी जात नाही, कारण उजेडाने तुटतात ती सेंद्रिय द्रव्ये. थरावर सायट्रिक आम्लाच्या द्रावणाचा थेंब टाकून बुडबुडे आले तर त्याच सौम्य द्रावणाने मेम्ब्रेन धुवावे, आणि नंतर भरपूर पाण्याने खळाळावे. हे आम्ल स्वतः सेंद्रिय असल्याने उरल्यास पुढची सीओडीची मोजणी बिघडवते.

द्राक्षांच्या हंगामातील वायनरीचे सांडपाणी थेट या मेम्ब्रेनवर सोडणे हा निव्वळ अपव्यय आहे. त्याचा सीओडी लिटरला हजारो मिलिग्रॅम असू शकतो; तो भार जिवाणूंनी उतरवावा आणि त्यांना न पचलेले थोडेसे अवशेष, उदाहरणार्थ काही कीटकनाशके, तेवढे या मेम्ब्रेनकडे सोपवावेत.

काही वेळा उलट घडते: दाब तोच असताना पाणी एकाएकी जास्त येऊ लागते आणि मेम्ब्रेन छान धुतले गेले, असे समजून सगळे खूश होतात. अशा वेळी प्रथम गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा मोजावा. तो वाढला असेल, तर अतिनील प्रकाश आणि मूलकांनी मळाबरोबर मेम्ब्रेनचे पॉलिमर, म्हणजे ते ज्या प्लास्टिकचे बनले आहे तेही खाल्लेले असण्याची शक्यता मोठी आहे. पॉलिसल्फोन आणि पॉलिइथरसल्फोन ही प्लास्टिके या बाबतीत नाजूक, पीव्हीडीएफ हे प्लास्टिक त्यांहून चिवट, आणि ॲल्युमिनासारखे सिरॅमिक सर्वांत टिकाऊ, पण महाग. असे खाल्ले जाऊन तडा गेलेले मेम्ब्रेन दुरुस्त होत नाही. ते बदलावे, आणि गळून आलेले उत्प्रेरकाचे कण पुढे जाऊ नयेत म्हणून तोवरचे पाणी वापरात आणू नये.