एमपीआयचं चित्र धूसर येतंय? सॉल्व्हर बदलण्याआधी या चुका टाळा

मॅग्नेटिक पार्टिकल इमेजिंग (एमपीआय) म्हणजे चुंबकीय नॅनोकण कुठे आहेत ते त्यांच्या सिग्नलवरून दाखवणारं तंत्र. त्याचं चित्र बिघडलं की आपण आधी अल्गोरिदमला, म्हणजे सिग्नलवरून चित्र काढणाऱ्या सॉल्व्हरला, दोष देतो. मीही दिला. मुंबईत बसून, हॅम्बुर्गहून खुल्या झालेल्या मोजमापांवर काम करताना, अख्खा जुलै न्यूरल नेटवर्कशी झटलो. दोष निघाला भलताच: रिकाम्या स्कॅनरचं बॅकग्राउंड मी वजाच केलं नव्हतं. तेही एकदाच मोजून भागत नाही. यंत्र तापतं, बॅकग्राउंड सरकतं. म्हणून नमुन्याच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही मोजमापं धरा.

दुसरी चूक लॅम्डाची, म्हणजे नॉइज दाबायला चित्र किती गुळगुळीत करायचं ते ठरवणाऱ्या आकड्याची. कुणाच्या तरी पेपरातला आकडा उचलून आपल्या कोडमध्ये टाकायचा नाही. तो त्यांच्या मॅट्रिक्सच्या (कुठल्या जागेचे कण कसा सिग्नल देतात त्याचा तक्ता) मापाला बांधलेला असतो. आधी मॅट्रिक्सच्या एकूण ऊर्जेच्या प्रमाणात लॅम्डा मांडा, मग दहा-दहा पटींनी बदलत चित्रं शेजारी ठेवून बघा. फार लहान लॅम्डा म्हणजे रवाळ चित्र, फार मोठा म्हणजे दादर फलाटावरच्या घोषणेसारखं: काहीतरी आहे एवढंच कळतं. काचमार्झ (समीकरणं एकेक करून, फेऱ्याफेऱ्यांनी सोडवणारी पद्धत) वापरत असाल तर फेऱ्यांची संख्याही लॅम्डासारखंच काम करते, हे बरेच जण विसरतात.

फ्रिक्वेन्सी निवडताना दोन्ही टोकं सांभाळा. कणांना चाळवणारं साधारण २५ किलोहर्ट्झचं चुंबकीय ड्राइव्ह फील्ड थेट रिसीव्ह कॉइलमध्ये शिरतं, म्हणून मूळ फ्रिक्वेन्सी गाळतात. पण नॉइजच्या भीतीने वरचे हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले सिग्नल) सरसकट उडवले तर बारीक तपशीलही त्यांच्याबरोबर जातो.

सगळ्यात छळणारी चूक मात्र कॅलिब्रेशनची, म्हणजे एकेका जागी कण ठेवून तो मॅट्रिक्स मोजण्याची. कण पाण्यात मोजले आणि नमुना जेलमध्ये असला, तर कणांचं फिरणं अडतं, सिग्नल बदलतो, आणि कुठलाही सॉल्व्हर ते भरून काढत नाही. पुन्हा मोजायचं म्हणजे ३०×३०×३० जागा. एका जागेला दोन सेकंद धरले तरी पंधरा तास. कंटाळा येतो, मान्य. तरी कण त्याच बॅचचे आणि माध्यम तेच घ्या. ग्रिड (मोजायच्या जागांची जाळी) दृश्यक्षेत्राच्या थोडं बाहेर न्या, नाहीतर कडेला असलेले कण आत भुतं उभी करतात.

आणि सिम्युलेशनवाल्यांनो, ज्या मॅट्रिक्सने सिग्नल बनवला त्यानेच चित्र काढणं म्हणजे फुटलेल्या पेपरात पहिला नंबर. सिग्नल बारीक ग्रिडवर बनवा, चित्र जाड ग्रिडवर काढा, आणि नॉइज खऱ्या रिकाम्या मोजमापातला मिसळा.