सही सचिवांचीच हवी : खेळाडूंच्या कागदपत्रांविषयी थोडे अनुभवाचे

राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा खेळून आलेल्या मुलीला घरचे पदकाविषयी विचारतात. मी मात्र हल्ली तिला नमुना 2 विषयी, म्हणजे सरकारी भरतीत खेळाडू म्हणून दाखवायच्या प्रमाणपत्राविषयी, विचारते. ज्यांना हा नमुना ठाऊक आहे त्यांना माझ्या प्रश्नातली कळ समजेल, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठीच हे लिहीत आहे.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, खो-खो खेळलेली, आणि आता मुलींना शिकवणारी. सरकारी लाभांची यादी बहुतेकांना तोंडपाठ असते. ऑलिंपिक सुवर्णपदकाला केंद्राकडून 75 लाख रुपये, आशियाई स्पर्धेतील सुवर्णाला 30 लाख, प्रशिक्षकांना वेगळा रोख पुरस्कार, ‘खेलो इंडिया’साठी निवडलेल्या खेळाडूंना दरमहा 10 हजार रुपये हातखर्च, निवृत्त पदकविजेत्यांना निवृत्तिवेतन, हे सारे खरे आहे. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्याशी प्रत्यक्ष संबंध येतो तो दोनच गोष्टींचा : दहावी-बारावीला मिळणारे क्रीडागुण, आणि केंद्र सरकारच्या कार्यालयांतील गट ‘क’च्या थेट भरतीत खेळाडूंसाठी असलेली 5 टक्क्यांपर्यंतची तरतूद, जिच्यात वयाची अटही 5 वर्षांपर्यंत शिथिल होते. मी अडकले ती या दुसऱ्या ठिकाणी.

या भरतीत स्पर्धेचे प्रशस्तिपत्र पुरेसे नसते, हे मला बरीच वर्षे कोणीही सांगितले नव्हते. देशातर्फे खेळलेल्याला नमुना 1 लागतो, तो राष्ट्रीय महासंघाचा सचिव देतो. राज्यातर्फे राष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्याला नमुना 2, तो राज्य संघटनेचा सचिव देतो. विद्यापीठाकडून खेळलेल्याला नमुना 3 आणि राष्ट्रीय शालेय स्पर्धेत खेळलेल्याला नमुना 4. मला एवढे कळले तेव्हा मी संघटनेकडे धावले आणि नमुना घेऊनही आले. त्यावर शिक्का होता, जावक क्रमांक होता, सही होती. ती सहसचिवांनी ‘सचिवांकरिता’ म्हणून केलेली होती. नमुन्याच्या तळाशी बारीक अक्षरांत स्पष्ट लिहिलेले असते की, सचिवांनी स्वतः सही केली असेल तरच हे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाईल. ती ओळ मी वाचली नाही, माझ्या प्रशिक्षकांनी वाचली नाही, आणि सही करणाऱ्यानेही वाचली नसावी. कागदपत्रांच्या पडताळणीला बसलेल्या बाईंनी मात्र सर्वांत आधी तीच वाचली.

सचिव त्या वेळी मुलाकडे लिस्बनला गेले होते आणि दोन महिन्यांनी परतणार होते. मला मिळाली दहा दिवसांची मुदत. संघटनेच्या दारात मी चार वेळा गेले, दोनदा पावसात भिजून, आणि प्रत्येक वेळी ‘अहो, सहसचिवांची सही चालते, कोणी बघत नाही’ हेच उत्तर ऐकून परतले. ती जागा गेली. पुढच्या भरतीपर्यंत शिथिल झालेली वयोमर्यादाही माझ्या हातातून निसटली होती. म्हणून पुन्हा सांगते, आणि कंटाळा आला तरी सांगते : सही सचिवांचीच हवी, सहीखाली नाव व हुद्दा वाचता येईल असा हवा, आणि नमुन्यावरील तुमचे नाव जन्मदाखल्यावरील नावाशी अक्षरशः जुळायला हवे. आपल्याकडे आडनावांची पोर्तुगीज वळणाची आणि इंग्रजी वळणाची अशी दोन-दोन लेखने एकाच घरात नांदतात. तुमच्या जन्मदाखल्यावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे असले की पाहणाऱ्याला ते दोन वेगळ्या माणसांचे कागद वाटतात.

‘तू फक्त खेळ, कागदांचे मी बघतो’ असे म्हणणाऱ्या प्रशिक्षकांविषयी माझे मत कडवट आहे, हे मान्य करते. माझे सर मनाने सोन्यासारखे होते, पण त्यांनी बघितले नाही. आणि पैसे भरून ‘राष्ट्रीय’ स्पर्धेत नेणाऱ्या मंडळींपासून तर दूरच राहावे. मान्यताप्राप्त महासंघाशी संलग्न नसलेल्या स्पर्धेचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, भरतीत नाही.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. आता प्रमाणपत्रे डिजिलॉकरमधून देण्याची व्यवस्था केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने महासंघांना 2023 मध्ये घालून दिली आहे, आणि खेळाडूला रोख पुरस्कारासाठी स्वतःच ऑनलाइन अर्ज करता येतो. कुणाच्या शिफारशीसाठी ताटकळावे लागत नाही. तुमच्या खेळाचे नाव भरतीच्या यादीत आहे की नाही तेही एकदा पाहावे. 2020 मध्ये ती यादी 43 वरून 63 खेळांपर्यंत वाढली आणि मल्लखांबासारखे आपले खेळही तीत आले. राज्य सरकारच्या नोकरीसाठी अर्ज करणार असाल तर मामलेदार कार्यालयातला पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला वेळेत काढून ठेवा, कारण त्याला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो.

मी शिकवते त्या मुलींच्या बाबतीत आता एकच शिस्त पाळते. संघ स्पर्धेहून परतला की किट परत करण्याच्या दिवशीच कोरे नमुने सोबत नेते, सचिवांसमोर बसते, आणि त्यांची सही होऊन ती शाई वाळेपर्यंत तिथून उठत नाही. मागच्या वर्षी त्यांनी हसून विचारले, ‘बाई, माझ्यावर विश्वास नाही का?’ मी म्हटले, ‘आहे हो, पण तुम्ही लिस्बनला कधी जाल ते मला ठाऊक नाही.’